सुकदेवमामांचं पानिपत

ज्या वर्षी आमच्या घरी तूर शिजणं बंद झालं होतं, त्या वर्षी शेजारचे सुकदेवमामा मूठ-मूठ तूर रणगाड्यांना पाजत होते.

आधी आमच्या घराचं सांगते. आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे, बाबा मँगनीजच्या खाणीत. काम कधी चाले, कधी बंद पडे. बंद पडलं की बाबा घरी बसून खोकत आणि खोकता खोकता जगाला नावं ठेवत. आई लोकांच्या बांधीत चिखलात उभी राहून धान रोवायची. ताटात कणीचा भात आणि अंबाडीची भाजी. वरण आमच्याकडे पाहुण्यासारखं यायचं आणि पाहुण्यासारखंच लवकर जायचं. आणि कुडाच्या पलीकडे, बालाघाटच्या बसस्टँडवर मोटारी दुरुस्त करणारा एक धडधाकट माणूस आपल्या छपरीत उकिडवा बसून काड्यापेट्यांपुढे तुरीचे दाणे मांडायचा आणि म्हणायचा, "पी लेका, पोट भरून पी. दिल्ली लय दूर हाये."

तूर म्हणजे डिझेल. काड्यापेटी म्हणजे रणगाडा. आणि छपरी म्हणजे पानिपत.

मराठी माणसाला पानिपत काय ते सांगावं लागत नाही. हरलेली लढाई दोनशे वर्षं इतक्या आवडीने सांगणारे दुसरे लोक नसतील. पण सुकदेवमामा ती सांगत नसत, खेळत असत. त्यांचा एकच प्रश्न होता. त्या दिवशी मराठ्यांकडे टँक असते तर?

"आणि अफगाणांकडे?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"त्याईच्याकडं बी. एकाकडंच टँक असन तर ते लढाई नाही व पोरी, ते दरोडा झाला."

"पण त्या काळात रणगाडे आले कुठून?"

"तोफा कुठून आल्या हे विचारलं का कोनी? मंग माह्याच टँकाले काहून विचारून राह्यली?"

मी आमच्या वॉर्डातली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगायला मला आवडतं. इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि जवळच्या हट्टा गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तेव्हापासून मामा मला नावाने हाक मारीनासे झाले. "ए बीये, इकडं ये" अशी कुडावरून हाक यायची. मी शुद्ध मराठीत 'रणगाडा' म्हणायची. त्यावर त्यांचं म्हणणं, "गाडा म्हनशीन तर बैल बी तूच आनून दे. टँक म्हन."

गंमत अशी की मामा आयुष्यात कधी टँकमध्ये बसले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते बर्म्याकडे गेले होते, पण लॉरीचे ड्रायव्हर म्हणून. टँकांचे सुटे भाग पोचवणं हे त्यांचं काम. वॉर्डातली मंडळी त्यांना 'टँकवाले' म्हणत आणि ते नाकारत नसत, एवढंच म्हणत, "टँक मी पाह्यला. लय जवळून पाह्यला. त्याचं चाक मीच पोचवलं न."

महायुद्ध संपल्यावर पलटण पंजाबातल्या छावणीकडे जाताना त्यांची लॉरी नेमकी पानिपताजवळ बंद पडली. पार्ट येईपर्यंत मामा तिथल्या शेतांतून हिंडले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना दाखवलं, तुमच्याकडचे लोक इथं पडले. मामांनी विचारलं, लढणारे? तो म्हणाला, लढणारे थोडे, संगं आलेलेच फार. तो पार्ट काही दिवसांनी आला आणि लॉरी सुरू झाली. मामा मात्र तिथेच राहिले असावेत. निदान दर संक्रांतीला तरी ते तिथेच असत, कारण ती लढाई संक्रांतीची.

आमचा वॉर्ड बौद्ध. नागपूरच्या दीक्षेनंतर जुने सण आम्ही सोडून दिले होते आणि त्या बाबतीत बाबा फार कडक होते. संक्रांतीला मामांनी छपरी सारवली की बाबा कुडापाशी येऊन उभे राहत.

"सन करून राह्यला का बे, सुकदेव?"

"सन नाही, दादा. लढाई करून राह्यलो."

"कोनाची? पेशव्याची! ज्याईच्या राज्यात आपली सावली चालत नोती, त्याईले तू टँक देऊन राह्यला. लाज वाटू दे जराशी."

"टँक माह्ये हायेत," मामा काड्यापेटीत सायकलची काडी खुपसत म्हणत, "चालवनारे बी माह्येच हायेत. हुकूम म्हंजे हुकूम, दादा. सरका, उजेड अडून राह्यला."

'हुकूम म्हंजे हुकूम' हे त्यांचं पालुपद. बसचं इंजिन सुरू झालं नाही तरी, मुंगळा चावला तरी, भाकर करपली तरी हेच. हुकूम कोणाचा हे आम्ही कधी विचारलं नाही. फौजेत राहून आलेल्या माणसाची सवय, असं समजून सोडून दिलं.

आता रणभूमी सांगते. घराचं दार ती उत्तर, छपरीची पायरी ती दक्षिण. पायरी म्हणजे नर्मदा. मराठे दाराकडे, अफगाण मधे घरची वाट अडवून. "नर्मदा उतरली का घर आलं," मामा म्हणत. मामी मी लहान असतानाच गेल्या. त्यांचं निळं लुगडं यमुना म्हणून पूर्वेला पसरलेलं असे. धुरळा दाखवायला धानाचा कोंडा. शिवाय जागोजाग मँगनीजचे काळे दगड, म्हणजे डोंगर. पानिपतात डोंगर नाहीत हे मी इतिहासाच्या अधिकाराने सांगितलं. मामा म्हणाले, "दगड घरात होते म्हून ठेवले. आता लढाईच्या दिवशी कुठं टाकू?"

काड्यापेटीचं बाहेरचं खोकं म्हणजे रणगाडा, त्याला सायकलच्या काडीची तोफ. मराठ्यांचे रणगाडे गेरूने रंगवलेले, अफगाणांचे काजळाने. आतला उघडा कप्पा वाया जाऊ नये म्हणून त्याची लॉरी. वॉर्डात कोणी विडी पेटवली की मामांचं लक्ष विडीकडे नसे, पेटीकडे असे. "काड्या उरल्या का रे अजून?" असं ते तोंडावर विचारत, जसं आजाऱ्याच्या घरी विचारावं.

चाल कवड्यांवर. जितक्या उताण्या पडतील तितक्या विती रणगाडा जाणार आणि दर वितीला तुरीचा एक दाणा जळणार. शत्रू वितीच्या आत आला की त्याची पेटी उलटी, त्याला डिझेल लागत नसे. पण वीत कोणाची? त्यावरून एका वर्षी लढाई अर्ध्यात थांबली होती, कारण मामांचा पंजा फावड्याएवढा. शेवटी मी पंच झाले आणि माझी वीत सरकारी माप ठरली. विद्यापीठाने दिलेल्या पदवीचा एवढा थेट उपयोग मला त्याआधी झाला नव्हता.

अफगाणांच्या बाजूने खेळत तिवारीजी. सडकेच्या खात्यातले ओव्हरसियर, जबलपूरकडचे, जाडजूड, गंभीर आणि बारा महिने छत्रीवाले. बसस्टँडवर त्यांची जीप दुरुस्त करता करता मामांनी त्यांना पानिपत ऐकवलं आणि ते अडकले. पहिल्या वर्षी ते आमच्या वॉर्डात आले तेव्हा चहा नको म्हणाले. दुसऱ्या वर्षी प्यायले. तिसऱ्या वर्षी साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. त्या दिवसापासून आई त्यांना घरचं माणूस समजू लागली.

पानिपत का गेलं याबद्दल मामांचा सिद्धांत होता. "सेनापती हत्तीवरून खाली उतरला. अंबारी खाली दिसली न, सैन्याले वाटलं गेला आपला मानूस. पळाले. आता तो टँकात असता, मंग? आत बसला काय, निजला काय, कोनाले समजते? हत्ती दिसते म्हून घात करते."

तिवारीजी म्हणत, "और टँक बिगड़ गया तो?"

"तर मी हाये न!"

एका संक्रांतीला आमची कोंबडी कुडाखालून आली आणि कोणाचं लक्ष जायच्या आत मराठ्यांचं डिझेल खाऊन गेली. मामा किंचाळले. तिवारीजी पोट धरून हसले. मी पंच म्हणून निर्णय दिला की हा शत्रूचा छापा समजावा. "कोंबडी कोनाची हाये?" मामांनी गरजून विचारलं. आमचीच होती. म्हणजे फितुरी. त्या वर्षी आमच्या घराशी मामा संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

तरी संध्याकाळी ते आलेच. दर वर्षी येत. लढाई हरलेली असे आणि पदरात तूर असे. "वहिनी, उरलेलं डिझेल हाये. आता भरून काय ठेवू?" दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वरण असे. मी कॉलेजात गेल्यावर कधीतरी माझ्या लक्षात आलं की एवढं डिझेल शिल्लक ठेवून हरणारी फौज जगात दुसरी नसेल. मी हे मामांना विचारलं नाही. आईलाही ते ठाऊक होतं. तीही बोलली नव्हती.

पण हरायचं खरं कारण तूर नव्हतं. खरं कारण चिंचोके होते.

मराठ्यांच्या छावणीच्या मधोमध मामा चिंचोक्यांचा ढीग ठेवत. ही लढाईला संगं गेलेली माणसं. बायका, म्हातारी, यात्रेकरू, पाणके, गवत कापणारे, ओझी वाहणारे. माझ्या पुस्तकात त्यांना 'बुणगे' म्हटलं होतं, आणि बुणग्यांच्या लोढण्यामुळेच पानिपत गेलं असं लिहिलं होतं. मी बी.ए.च्या जोरावर ते एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. मामा कधी रागावत नसत, त्या दिवशी रागावले.

"बुनगे म्हनाचं नाही."

"पुस्तकात आहे मामा."

"असंन. पुस्तक लिहिनाऱ्याच्या घोड्याले गवत कोनं कापलं? त्याले पानी कोनं पाजलं? आन मंग म्हन्ते लोढनं! तुह्या बापाले विचार, तिथं आपले लोक कोन्त्या जागी असतीन. टँकात नसतीन व, इथं असतीन, या ढिगात. मानसं म्हनाचं. या घरात मानसं म्हनाचं."

कुडापलीकडे बाबा खोकत होते. ते खोकायचे थांबले.

नियम मामांनीच केलेले आणि ते फार कडू होते. चिंचोक्यांना पायीच चालायचं, एका डावात एक वीत. रणगाड्यांनी त्यांना सोडून पुढे जायचं नाही. त्यामुळे मराठ्यांची सगळी फौज गोगलगाईसारखी ढिगाभोवती सरके आणि तिवारीजी सावकाश, एका जागी बसून, डिझेल न जाळता एकेक पेटी टिपत. तिवारीजी सज्जन होते. ते दर वर्षी सांगत, "सुकदेवजी, इनको छोड़ दीजिए. बस एक बार छोड़ दीजिए, जीत आपकी. मैं लिखकर देता हूँ."

"मंग जिंकून घरी कोनाले नेऊ?" मामा म्हणत, आणि हरत.

इतकं सोपं होतं ते. त्यांना दिल्ली नको होती, तख्त नको होतं. सगळे चिंचोके पायरीखाली न्यायचे होते. एकदाही ते जमलं नव्हतं.

मग एके वर्षी, संक्रांत जवळ आलेली असताना, तिवारीजी तोंड पाडून आले. रीव्याकडे बदली झाली होती. संक्रांत झाली की निघायचं. बालाघाटात दुसरा कोणी अफगाण व्हायला तयार होईल अशी आशा नव्हती; पोस्टातल्या एका बाबूला मामांनी विचारलं तर तो म्हणाला, मला मुलंबाळं आहेत.

मामांनी त्या दिवसांत बसस्टँडवरच्या कामात दोन वेळा चुका केल्या. बैहरची बस गिअर उलटा बसवल्यामुळे मागे जाऊन पानठेल्याला टेकली. मला ते कुडापाशी हळूच म्हणाले, "बीये, औंदा ते ढिगातले मानसं घरी नाही आले, तर मंग कधी आनू मी त्याईले?"



संक्रांतीच्या सकाळी छपरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा वॉर्ड जमला होता. बाबा कुडाच्या आत येऊन, चक्क छपरीच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून बसले. "टाइमपास," ते कोणी न विचारता म्हणाले.

कवड्या खुळखुळल्या. कोंडा उधळला. सुरुवात दर वर्षीसारखीच झाली. मराठे ढिगाभोवती रणगाड्यांचं कडं करून दक्षिणेकडे सरकू लागले, तिवारीजी मांडी घालून बसले आणि गेरूच्या पेट्या एकेक करून उलट्या पडू लागल्या. बघणाऱ्या बायका चुकचुकत होत्या. मामांच्या कपाळावर थंडीच्या दिवसांत घाम.

रसदेचा डाव आला. पायरीवरून मामांच्या लॉऱ्या निघाल्या, पश्चिमेच्या सडकेने तूर घेऊन छावणीत पोचल्या, तूर उतरली. मग नियमाप्रमाणे त्या परत फिरल्या. उघडे, रिकामे कप्पे, ढिगाच्या अगदी अंगाला घासून, एकामागे एक दक्षिणेला निघाले. तिवारीजींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. कधीच बघत नसत. "ख़ाली गाड़ी पर गोला कौन बरबाद करे?" असं त्यांचं म्हणणं.

मी रोज हट्ट्याच्या शाळेतून परत येते ती कशी? बसची वाट बघितली तर अंधार पडेल. बांबू टाकून परत येणारा ट्रक दिसला की हात करायचा. ड्रायव्हर थांबतो, म्हणतो, बाई बसा, गाडी खालीच चालली. माझ्याबरोबर बाजारच्या बायका, त्यांच्या टोपल्या, कधी एखादी बकरी. आमच्या भागातला अर्धा माणूस परतीच्या रिकाम्या ट्रकनेच घरी पोचतो. हे मी नोकरी लागल्यापासून करत आले होते, आणि तितकीच वर्षं त्या छपरीत पंच म्हणून बसून रिकाम्या लॉऱ्या जाऊ देत होते.

"मामा," मी म्हटलं, "या लॉऱ्या तर घरीच चालल्या. मग माणसं पायी कशाला चालतात?"

मामांनी हातातली लॉरी खाली ठेवली.

"खाली गाडीत सिव्हिल मानूस घ्याचा नाही," ते म्हणाले.

"हा कुठला नियम?"

"फौजीचा हाये. हुकूम म्हंजे हुकूम."

"कोणाचा हुकूम?"

"सायबाचा."

"कोणत्या साहेबाचा? पानिपतात कोण साहेब?"

 मामांची नजर लॉऱ्यांवर होती आणि तोंडाचा रंग उतरला होता. मी घाबरले. एवढ्याशा प्रश्नाने असं काय झालं, मला कळेना. तिवारीजींनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "देखिए, मुझे कोई आपत्ति नहीं. नियम तो आप ही का है, सुकदेवजी."

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"सायब, सायब काय करून राह्यला बे?" बाबा म्हणाले. "इथं सायब तूच हायेस न."

 मामांनी बाबांकडे बघितलं. मग जुन्या इंजिनाने एकदम पेट घ्यावा तसा त्यांचा आवाज फुटला.

"मंग बसवा! बसवा रे साऱ्याईले! म्हाताऱ्या आधी! दाटीवाटीनं बसवा, टपावर बी बसवा!"

बायका पुढे सरसावल्या. आईने चिंचोके उचलले, शेजारणींनी उचलले, कप्पे शिगोशीग भरले. पंच म्हणून मी त्यांना हटकायला हवं होतं. मीही एक मूठ भरली.

आता तिवारीजी काही दुधखुळे नव्हते. सज्जन होते, पण अफगाणही होते. त्यांनी कवड्या उधळल्या आणि आपले सगळे काजळी रणगाडे पश्चिमेच्या सडकेकडे सोडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची फौज जागची हलली. मध्यभाग सताड उघडा पडला. दिल्ली समोर, वाटेत कोणी नाही.

"सुकदेव, घूस मंधात!" मागून कोणीतरी ओरडलं. "तख्त मोकळं हाये बे!"

"तख्ताले काय करू, चुलीत घालू?" मामा म्हणाले, आणि त्यांनी आपला एकूण एक रणगाडा लॉऱ्यांच्या बाजूला नेऊन भिंतीसारखा उभा केला.

आणि काय लढाई झाली म्हणून सांगू! ढिगाला बांधलेले मराठ्यांचे रणगाडे आता मोकळे होते. ते पुढे धावत, मागे येत, आडवे पडत. कवड्या पडल्या की छपरी गर्जे. माझी वीत दुखायला लागली. यमुनेचं लुगडं गोळा होऊन तिवारीजींच्या मांडीखाली गेलं आणि तिवारीजींना त्याचा पत्ता नव्हता. "दाबो! उधर से दाबो!" ते स्वतःलाच हुकूम देत होते. लॉऱ्या एका डावात दोन विती, तीन विती पळत होत्या. एक रणगाडा उलटला की मामा म्हणत, "जाऊ दे, लोखंड हाये," आणि दुसरा त्याच्या जागी सरकवत.

शेवटची लॉरी पायरीपासून हातभर राहिली असताना तिवारीजींनी सगळ्यात पुढचा रणगाडा तिच्यावर सोडला. कवड्या हातात खुळखुळवल्या, टाकल्या. चांगलं दान पडलं. त्यांनी डिझेलच्या वाटीत हात घातला.

वाटी रिकामी होती.

तिवारीजी वाटीकडे बघत राहिले. दर वर्षी ते एका जागी बसून जिंकत आलेले. धावणाऱ्या फौजेला तूर लागते हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्यांनी वाटी पालथी करून दाखवली.

"तेल ख़तम," ते म्हणाले.

मामांनी दोन बोटांनी शेवटची लॉरी ढकलली. ती पायरीच्या काठावर आली आणि बाबांनी खाली हात धरून ती झेलली. बाबा कधी उठून तिथे गेले होते, मी पाहिलं नव्हतं.

मग जो आरडाओरडा झाला त्याने कोंबड्या उडाल्या. पलीकडच्या वॉर्डातून माणसं आग लागली समजून धावत आली. तिवारीजी कष्टाने उठले, कपडे झटकले आणि आपली छत्री दोन्ही हातांनी, तलवार द्यावी तशी, मामांपुढे धरली. मामांनी ती घेतली, उघडून बघितली आणि म्हणाले, "एक काडी मोडली हाये. दुरुस्त करून देतो." त्या दिवशी आईने केलेला चहा तिवारीजी तीन वेळा प्यायले आणि साखरेबद्दल काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी मामांना मिठी मारली. भर वॉर्डात, सगळ्यांदेखत.

गर्दी पांगली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी लुगडं झटकून घडी घालत होते. मामा पायरीवर लॉऱ्या ओळीने मांडून बसले होते. आनंदाने नाचायला हवं होतं त्यांनी. ते नुसते बघत होते.

"जपानी घुसले तवा बर्मातून मांगं येऊन राह्यलो होतो," ते एकदम म्हणाले. माझ्याशी की बाबांशी, कळलं नाही. "पार्ट पोचवून झालते. लॉरी खाली होती. रस्त्यानं लोक चालून राह्यलते. आपलेच, तिकडं कामाले गेलेले. मद्रासी, बंगाली, उडिया. कोनाच्या डोक्यावर गठुडं, कोनाच्या पाठीवर म्हातारी. एका बाईनं पोरगं वर धरलं. माह्याकडं. पायदानाच्या एवढ्या जवळ."

बाबा शेजारी बसले होते. त्यांनी खोकला दाबून धरला होता.

"हुकूम होता, खाली गाडीत सिव्हिल मानूस घ्याचा नाही. मी हॉर्न वाजवला, दादा. तिले बाजूले सरकाले सांगाले हॉर्न वाजवला."

 बी.ए.त अशा वेळी काय म्हणायचं ते शिकवत नाहीत.  बाबांनी आपल्या हातातली ती शेवटची लॉरी, जी तोवर त्यांनी खाली ठेवलीच नव्हती, मामांच्या ओंजळीत रिकामी केली.

"आले का रे सारे?" बाबांनी विचारलं.

मामांनी ओंजळीत बघितलं, मग पायरीखालच्या ढिगात बघितलं. एक चिंचोका घरंगळून बाजूला गेला होता, तो उचलून त्यांनी इतरांत ठेवला.

"हौ," ते म्हणाले. "आले."

त्या संक्रांतीला पानिपतावर गेलेली सगळी माणसं नर्मदा उतरून घरी आली. मागं कोणी राहिलं नाही.